बादलीतल्या टिकल्या : गाण्यात डोळ्यांसमोर चित्र कसं उभं करायचं

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर काही महिन्यांनी मी त्यांच्यावर गाणं लिहायला बसलो आणि एका बैठकीत हे उतरलं :

अण्णा तुमच्या कष्टांची
मला येते आठवण
तुमच्या त्या प्रेमाखाली
फुलले हे बालपण

अक्षरं मोजली, प्रत्येक ओळीत आठ. यमक जुळलं होतं, चालीतही बसत होतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. जिने या माणसाचा डबा वर्षानुवर्षं भरला, तिला त्या चार ओळींत तो कुठेच दिसला नव्हता. दिसणार कसा? कष्ट, प्रेम, आठवण, बालपण हे शब्द शिक्षकाच्या मुलालाही चालतील, शेतकऱ्याच्या मुलीलाही चालतील. त्यात ना खाकी होती, ना तिकिटाची पेटी, ना पहाटे चारला दार ओढून घेतल्याचा आवाज.

त्या गाण्यावर मी पुढे दीड महिना घालवला. पुढे जे सांगतो आहे ते त्याच खटपटीतून हाती लागलं. गाणं प्रेमाचं असो, गावाचं असो किंवा रागाचं, कामाची रीत फारशी बदलत नाही. ऐकणाऱ्याजवळ भावना असतेच, त्याचे वडील असतात, त्याचं गाव असतं. आपण त्याला वस्तू द्यायची. वस्तू हाती आली की भावना तो स्वतःची घालतो.

आधी विषय लहान करा

"वडील" हा विषय नाही, तो डोंगर आहे. "आई", "पाऊस", "गाव", "विरह" हेही तसेच. इतका मोठा विषय घेतला की लेखणी आपोआप मोठ्या शब्दांकडे वळते. म्हणून कागदावर एकच वाक्य लिहा. त्यात एक माणूस, एक जागा आणि एक वेळ हवी. माझं वाक्य होतं : "मुक्कामी गाडी घेऊन गेलेले अण्णा दुसऱ्या दिवशी घरी येतात." एवढंच. त्यांचं सगळं आयुष्य गाण्यात आणायचं नाही हे ठरलं तेव्हा कुठे हात मोकळा झाला.

वाक्य जमत नसेल तर स्वतःला विचारा, मी हे चित्रात कुठून बघतोय? दारातून, खिडकीतून, गाडीच्या मागच्या सीटवरून? बघायची जागा ठरली की काय दिसेल आणि काय दिसणार नाही हेही ठरतं.

यादी करा, आणि ती गद्यात करा

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि गाणी पडतात ती इथेच. यमक, चाल, मात्रा सगळं बाजूला ठेवा. वीस मिनिटं घड्याळ लावा आणि त्या एका वाक्याभोवतीचं जे जे आठवतं ते लिहीत जा. डोळ्यांनी पाहिलेलं तर लिहाच, पण वास, आवाज, हाताला लागलेलं, जिभेवर उरलेलं हेही लिहा. पहिल्या आठ-दहा गोष्टी आपल्या नसतात. त्या ऐकलेल्या गाण्यांतून आलेल्या असतात. माझ्या यादीतही वर "थकलेले डोळे", "घामाचा वास", "राबणारे हात" असंच होतं. लिहून टाका, खोडू नका, पुढे चला. पंधराव्या-विसाव्या ओळीनंतर स्वतःचं यायला लागतं.

माझ्या यादीच्या खालच्या भागातल्या काही गोष्टी : चामड्याच्या बॅगेच्या पट्ट्याने शर्टाच्या खांद्यावर पडलेली चकाकी. नाणी मोजून काळं झालेलं अंगठ्याचं टोक. गाडीतल्या दांडीवर चिमटा आपटून "पुढे सरका" म्हणायची सवय, जी घरी दाराच्या कडीवर चालायची. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. मुक्कामाच्या गावी गाडीतच बाकावर झोपणं, पैशाची पिशवी पोटाशी धरून. (चिमटा म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा पंच. पुढे तिकिटाची मशीन आली आणि तो गेला, त्याच्याबरोबर तो आवाजही गेला.)

यादी अडली की उठा आणि माणसांना विचारा. मी आईला विचारलं, "अण्णांच्या शर्टाचं तुला काय आठवतं?" कसे होते, काय आवडायचं, असलं काही विचारलं नाही. फक्त शर्टाचं विचारलं. ती लगेच म्हणाली, "टिकल्या. बाहीच्या घडीत तिकिटाच्या टिकल्या अडकायच्या. शर्ट भिजवला की बादलीत वर यायच्या." हे मी लहानपणी रोज पाहिलं होतं आणि साफ विसरलो होतो. प्रश्न जितका बारीक, तितकं उत्तर खरं. "तुमचं लग्न कसं झालं?" असं विचारलं तर गोष्ट मिळते. "लग्नात पायात काय होतं?" असं विचारलं तर गाणं मिळतं.

जागा अजून असेल तर तिथे जाऊन बसा. मी एसटी स्टँडवर दोन दुपारी बसलो. वहीत तेरा गोष्टी आल्या, गाण्यात एकही आली नाही, तरी त्या दोन दुपारींनी माझी भाषा सुधारली.

माहिती म्हणजे चित्र नव्हे. यादी करताना ही चूक फार होते. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. ही गोष्ट खरी आहे, मला तिचा अभिमानही आहे, पण गाण्यात ती डोळ्यांना काही दाखवत नाही. तीच गाडी चिखलात रुतली आणि प्रवासी धोतर खोचून ढकलायला उतरले असं लिहिलं की चित्र उभं राहतं. साल, आकडा, पद, पदवी यांना लेखात जागा असते. गाण्यात अडखळायला होतं.

चाळण

आता यादीतून तीन किंवा चार गोष्टी उचलायच्या. जास्त नकोत. प्रत्येक गोष्टीला मी तीन प्रश्न विचारतो. हे दुसऱ्या कुणाच्या गाण्यात जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर बाजूला. याचं चित्र काढता येईल का? "माया" काढता येत नाही, पिशवीवरचा हात काढता येतो. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा : ही वस्तू स्वतःपेक्षा जास्त काही सांगते का?

बॅगेच्या पट्ट्याची चकाकी मला फार आवडली होती, पण ती तिथेच थांबत होती. पोटाशी धरलेली पैशाची पिशवी मात्र सरकारी पैशाची काळजी सांगते, थंडी सांगते आणि त्या रात्री त्या कुशीत आम्ही पोरं नव्हतो हेही सांगते. चकाकी गेली, पिशवी राहिली. आवडती गोष्ट काढून टाकताना जीव तुटतो, हे खरं आहे. वेगळ्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या गाण्याला कामी येते.

"टिकल्या" हा शब्द आईचा. त्यात आणखी एक अर्थ आपोआप आला आहे, तो मी गाण्यात उकलला नाही आणि इथेही उकलत नाही.

शब्द नेमका हवा, आणि त्या जागेचा हवा

मराठीत नेमक्या शब्दांची वाण नाही. आपण ते वापरत नाही, एवढंच. पावसाचंच घ्या. गाण्यातला पाऊस कायम "रिमझिम" पडतो. पण वैशाखात दुपारी धुळीचा लोट उठवून, विजा कडाडत, कधी गारा टाकत येतो तो वळीव. विदर्भात चार-चार दिवस थांबत नाही ती झड. एक सर येऊन जाते आणि पाठोपाठ ऊन पडतं ते श्रावणातलं. गाण्यातली बाई शेतातून पळत घरी आली तर ती वळवात पळते. झडीत ती पळत नाही, घरात बसून ओल्या लाकडांशी झगडते. म्हणजे पावसाचं नाव बदललं की माणसाच्या हालचालीही बदलल्या, आणि चित्र त्या हालचालींतून उभं राहतं.

म्हणून ऋतू तपासून घ्या. पळस फुलतो होळीच्या सुमाराला, बहावा कडक उन्हाळ्यात, हुरडा थंडीतला. एकाच कडव्यात मोगऱ्याचा गजरा आणि हुरड्याची आगटी आली की गावाकडचा श्रोता तिथेच गाण्यातून उठून जातो. तो तुम्हाला सांगायला येणार नाही. पण त्याचा विश्वास उडालेला असतो.

नामांवर एवढी मेहनत घेतो तितकीच क्रियापदांवर घ्या. "आई स्वयंपाक करते" यात काही दिसत नाही. ती पाखडते, निवडते, मळते, थापते, फुंकते, परतते यातलं एक क्रियापद घेतलं की हात दिसतात. विशेषणांना मात्र लगाम हवा. "सुंदर", "गोड", "हळवा", "वेडा" ही विशेषणं श्रोत्याला सांगतात की आता तुला काय वाटायला हवं. वस्तू बरोबर निवडली असेल तर ते सांगावं लागत नाही.

बोलीतला शब्द घ्यायचा तर तो तुमच्या घरातला असावा, निदान ज्याच्याकडून घेतला त्याच्याबरोबर बसून नीट समजून घेतलेला असावा. गाणं गावरान वाटावं म्हणून चूल, जातं, उखळ भरणारे पुष्कळ आहेत. ज्याने जातं ओढलं नाही त्याच्या गाण्यातलं जातं फिरत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या वाचाव्यात, ऐकाव्यात. त्या बायकांच्या ओवीत जातं येतं कारण ते ओवी म्हणताना हातात होतं. तुमच्या हातात काय आहे? लोकलचा पास, घरपोच जेवण देणाऱ्या पोराची चौकोनी बॅग, सोसायटीच्या गेटवरची वही, चार्जरची वायर तुटू नये म्हणून गुंडाळलेली चिकटपट्टी. ज्या खोलीत तुम्ही खरोखर राहता तिथलंच गाणं करा, ते मराठीच असतं.

अक्षरांत बसवताना

इथवर सगळं गद्यात होतं. आता गाणं. मी अष्टाक्षरी घेतली, म्हणजे प्रत्येक चरणात आठ अक्षरं. मोजायची रीत सोपी आहे. जोडाक्षर एक धरायचं आणि शेवटचं न उच्चारल्यासारखं वाटणारं अक्षरही धरायचं. बहिणाबाई चौधरींची सगळ्यांना पाठ असलेली ओळ मोजून पाहा : "अरे संसार संसार, जसा तवा चुल्यावर". आठ आणि आठ. आणि बघा, "संसार" हा डोंगराएवढा शब्द दोनदा आल्यावर लगेच दुसऱ्या चरणात तापलेला तवा आहे. मोठा शब्द वापरायला बंदी नाही. त्याच्या शेजारी चटका देणारी वस्तू ठेवायची.

माझं पहिलं कडवं असं झालं :

खाकी बाहीच्या घडीत
रंगीबेरंगी टिकल्या
आई भिजवता शर्ट
पाण्यावर उमलल्या

दोन गोष्टी खटकल्या. "उमलल्या" मला फार गोड वाटला होता, म्हणूनच संशय आला. कागदाची टिकली पाण्यात उमलत नाही. तो शब्द मी टिकलीला फूल करण्यासाठी आणला होता, म्हणजे श्रोत्याच्या हाताला धरून "बघा किती सुंदर" म्हणत होतो. त्या जागी "तरंगल्या" घातलं. अक्षरं तितकीच, यमकही तेच, आणि जे घडायचं तेच घडलं.

दुसरी खटक गायिकेने दाखवली. "शर्ट"वर चाल थांबत होती आणि तिथे सूर लांबवायचा होता. "र्ट" लांबवता येत नाही, तोंड बंद होतं. तिने "सदरा" सुचवला. एक अक्षर वाढत होतं, आणि मुळात कंडक्टर सदरा घालत नाहीत. शब्द बदलायच्या ऐवजी मी त्याची जागा बदलली : "शर्ट आई भिजवता". तीच आठ अक्षरं, शेवटी मोकळा "ता". हे लक्षात ठेवा, नेमका शब्द गाताना अडत असेल तर तो टाकून देण्याआधी ओळीत पुढे-मागे सरकवून पाहा. मराठीत शब्दांची जागा बरीच लवचीक आहे, तिचा पुरेपूर फायदा घ्या. लांब सुरावर आ, ए, ओ, ई यायला हवेत. जोडाक्षरं चरणाच्या पोटात खपून जातात.

यमकाबद्दल थोडं परखड बोलतो. चित्राचा सगळ्यात मोठा शत्रू यमक आहे. "आठवण" लिहिलं की "साठवण" दारात उभीच असते, "मन" लिहिलं की "क्षण" आलाच. त्यांच्यामागे सगळी ओळ खोटी होत जाते. उपाय असा की यमक नामावर न ठेवता प्रत्ययावर ठेवावं. "-ल्या", "-ईत", "-ला", "-ऊन" हे आपल्या भाषेने फुकट दिलेले जोड आहेत. मग बादली, पिशवी, चिमटा ही नामं ओळीच्या मध्ये सुखाने बसतात, त्यांना कुणाशी जुळायची सक्ती राहत नाही. दुसरं कडवं त्याच रीतीने झालं :

साऱ्यांना घरी सोडून
अण्णा झोपले गाडीत
सुट्ट्या पैशांची पिशवी
धरून घट्ट कुशीत

याच्या खाली मी आधी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या, "आम्ही वाट पाहिली, तुमची कूस आठवली" अशा अर्थाच्या. त्या काढल्या. "कुशीत" या शब्दाने ते काम आधीच केलं होतं. समजावणारी ओळ ओळखायची खूण सोपी आहे : ती झाकून कडवं वाचा. काही हरवलं नाही तर ती नको.

कडव्यांची रचना

प्रत्येक कडव्यात एकच चित्र. दोन चित्रं आली की दोन्ही पुसट होतात, कारण गाणं कानावरून निघून जातं, मागे वळून वाचता येत नाही. यादीतल्या दहा वस्तू एका कडव्यात कोंबल्या तर भांड्यांच्या दुकानाची पाटी होते.

मुखडा पुन्हा पुन्हा येतो, म्हणून त्यात फार बारीक तपशील नसला तरी चालतं, पण दर वेळी परत येताना त्याचा अर्थ थोडा बदललेला हवा. माझा मुखडा घंटीचाच झाला : "एक घंटी थांबायला, दोन घंट्या निघायला". पहिल्यांदा ऐकताना तो निव्वळ एसटीचा नियम आहे. पिशवीच्या कडव्यानंतर तो घरातून पहाटे निघण्याचा होतो. आणि शेवटी असा :

एक घंटी थांबायला
दोन घंट्या निघायला
खाटेची दांडी अण्णांनी
दोनदा ठोकली, चला

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत अण्णा लोखंडी खाटेच्या दांडीवर बोटाने वाजवायचे. ते कशासाठी हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. या कडव्यातल्या "चला"वर मी बरेच दिवस अडलो होतो. तो समजावणारा शब्द आहे का? झाकून पाहिलं. दोन घंट्यांचा अर्थ वर आलाच आहे, मग त्याची गरज काय? पण "चला" काढला की कंडक्टरची हाळी जाते, आणि कुणाच्याही घरून उठताना आपण "चला, येतो" म्हणतो, तेही जातं. ठेवला. नियम कुठे मोडायचा हे आधी तो दहा वेळा पाळल्यावर कळतं.

कुणाला तरी ऐकवा, आणि नंतर विचारा

गाणं झालं की असं करा. ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला एकदाच ऐकवा. काही विचारू नका. चहा घ्या, दुसरं बोला. तासाभराने विचारा, "काय दिसलं?" कसं वाटलं असं विचारू नका, कारण "छान" हे उत्तर तयारच असतं. "वडिलांवरचं होतं ना, हळवं होतं," असं आलं तर यादीकडे परत जायचं. "तो पिशवी घेऊन झोपलेला माणूस" असं आलं तर ते कडवं उभं आहे. जी कडवी कुणालाच आठवत नाहीत ती बहुधा तुम्ही यमकासाठी लिहिलेली असतात.

मी शेवटी आईलाही ऐकवलं. या वेळी ती छान म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "रंगीबेरंगी नव्हत्या त्या. मुक्कामाच्या गाडीच्या हिरव्याच जास्त असायच्या. हिरव्या, गोल."

मी वही उघडली आणि बोटांवर अक्षरं मोजली. हि, र, व्या, गो, ल, टि, क, ल्या. आठ.

खाकी बाहीच्या घडीत
हिरव्या गोल टिकल्या